उष्टा घास

बिरादार सर कधीच कुणाच्या डोळ्यांत बघून बोलत नसत. मी नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी त्यांनी माझी सगळी चौकशी केली ती माझ्या डाव्या कानाकडे बघत. शिक्षण कुठं झालं, गाव कोणतं, कुत्र्याला घाबरता का, इंजेक्शन देताना हात कापतो का. मला वाटलं, हा माणूस एक तर गर्विष्ठ असावा, नाहीतर काहीतरी लपवत असावा. मी चाकूरची. आमच्याकडं असं तिरकं बघून बोलणाऱ्याला सरळ तोंडावर विचारतात, "काय ओ, मानेला काय झालं?" पहिलाच दिवस होता म्हणून मी गप्प बसले.

आठवडाभरात कारण कळलं. नांदेडहून लातूरकडे निघालं की गाव संपल्यावर आमची इमारत होती. बाहेर पाटी नाही, नुसता उंच पत्रा. नवी औषधं माणसांना देण्याआधी तिथं प्राण्यांवर तपासली जात, आणि आत अठ्ठेचाळीस माकडं होती, लाल तोंडाची. सर त्यांचे मुख्य डॉक्टर आणि मी त्यांच्या हाताखालची. एका सकाळी मी चौदा नंबरच्या पिंजऱ्यासमोर उभी राहून त्याच्याकडे अगदी प्रेमानं टक लावून बघत होते. त्यानं जाळीतून हात काढून माझ्या चेहऱ्यावरची प्लास्टिकची ढाल ओरबाडली. मी दोन पावलं मागं जाऊन भिंतीला टेकले.

"बाई, तुम्ही त्याला शिवी दिली," सर मागून म्हणाले.

"मी काहीच बोलले नाही, सर."

"डोळ्याला डोळा भिडवला न्हवं? त्यांच्यात तीच शिवी असती. वीस वर्षं मी कुणाकडं सरळ बघितलं न्हाई. आता घरी बायकोकडं बघायचं म्हणलं तरी जमत न्हाई."

सरांचं गाव देगलूर. मराठी, तेलुगू आणि कानडी तिन्ही त्यांच्या तोंडात लहानपणापासून होत्या. माणसांशी ते मराठी बोलत, हिशेबनीस आणि शास्त्रज्ञ मंडळींशी मोडकं इंग्रजी, आणि माकडांशी फक्त कानडी. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी एकदा चेष्टेनं विचारलं, तर म्हणाले, "मराठीत त्यांना सुई टोचतात सगळे. एक भाषा तरी चांगली राहू द्या."

जनावरांची डॉक्टर होऊन जनावरांवरच्या प्रयोगात काम करते, याबद्दल मला लग्नकार्यात बरंच ऐकून घ्यावं लागे. हे मी एकदा सरांना सांगितलं. ते म्हणाले, "औषधाची बाजू बघायला तिथं लई लोक हायत. माकडाची बाजू बघायला आपण दोघंच. आपण सोडून गेलो तर प्रयोग थांबत न्हाई, बाई. बाजूच तेवढी मोकळी पडती."

आणि बाजू घेताना ते कुणाच्या बापाला भीत नसत. हाडांच्या औषधाचा एक अभ्यास चालू होता. तीस नंबरचा नर दोन दिवसांपासून पाय ओढत होता. हैदराबादहून आलेले शास्त्रज्ञ म्हणाले, अजून दोन दिवस द्या, मोजमापं पूर्ण होतील. सरांनी कागद ओढला, "थांबवा" एवढा एकच शब्द लिहिला, सही केली आणि पेन खिशाला लावलं. त्या गृहस्थांचा आवाज चढला. वरून फोन आला. सर फोनवर बराच वेळ "हाव, हाव" करत राहिले आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "वेदनेचं औषध काढा." तीस नंबर अभ्यासातून बाहेर पडला तो पडलाच. पुढं दोन महिने सरांची रजा मंजूर झाली नाही, ही गोष्ट वेगळी.

त्यांची खरी विद्या मात्र पाठीची होती. माकडाला काही दुखत असलं तरी माणसासमोर ते दाखवत नाही. तुम्ही खोलीत शिरलात की ताप असलेलं माकडही ताठ बसतं, खोटं खोटं खातं. सर स्टूल घेऊन पिंजऱ्यांकडे पाठ करून बसत आणि हातात दाढीचा छोटा आरसा धरत. दहा मिनिटं, वीस मिनिटं. आपल्याकडे कुणी बघत नाही असं वाटलं की आजारी जनावर हळूच ढेपाळतं, हात पोटावर ठेवतं, डोळे मिटतं. सर तेव्हा आरशातूनच नंबर सांगत आणि मी लिहून घेई. टोळीत आजारी दिसला त्याची जागा जाते, म्हणून जीव जाईपर्यंत ते लपवतात, हे वाक्य मी त्यांच्याकडून शंभरदा तरी ऐकलं असेल.

आता त्या घासाबद्दल. ऑपरेशननंतर किंवा मोठ्या आजारातून उठलेलं माकड कधी कधी खाणंच सोडतं. त्याला वेगळ्या खोलीत ठेवत, तिला आम्ही आजारी खोली म्हणायचो. नऊ नंबरच्या मादीनं तिथं तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. सफरचंद झालं, शेंगा झाल्या, गूळ झाला. चौथ्या दिवशी सर एक केळं घेऊन आत गेले. जाळीपासून हातभर अंतरावर उकिडवे बसले, मास्क हनुवटीखाली ओढला, केळं सोललं आणि स्वतः खाल्लं. अगदी चवीनं, आवाज करत. "ऊटा माडव्वा," असं काहीतरी म्हणत राहिले, म्हणजे जेव गं आई. मग उरलेलं अर्धं जाळीतून पुढं केलं. तिनं ते हुंगलं, सरांच्या तोंडाकडं बघितलं आणि खाल्लं.

त्या खोलीत मास्क काढायचा नाही आणि काहीही खायचं नाही, असा कडक नियम होता. दारावर तो मोठ्या अक्षरात लावलेला होता आणि खाली सही होती सरांचीच. मी हे बघितलं आणि काही बोलले नाही. खरं सांगते, मला त्यांचा अभिमान वाटला होता. पुस्तकात नसलेली विद्या आपण बघतोय असं वाटलं. पुढच्या काही महिन्यांत असे अर्धे घास आणखी तिघांना मिळाले आणि चौघंही वाचली. आम्ही सगळे ते कौतुकानं सांगायचो, गंगाधर तर फार रंगवून सांगायचा.

गंगाधर वाघमारे आमच्याकडं अकरा वर्षं होता. हिमायतनगरचा. माकडांची साफसफाई आणि खाणंपिणं तो बघे, आजारी खोली तर पूर्ण त्याच्याकडं होती. दार उघडण्याआधी तो बाहेरून "आलो बरं का मंडळी" म्हणे, म्हणजे कुणी दचकू नये. त्याची मुलगी पूजा नर्सिंग झालेली होती. तिच्यासाठी चाकूरचं एक स्थळ मीच सुचवलं होतं. आमच्या घरापासून चौथं घर, मुलगा वीज खात्यात, वडील निवृत्त कंडक्टर. दोन्ही घरं आमच्याच समाजातली, पसंती झालेली होती आणि विहारात साखरपुडा करायचं ठरत होतं.

एप्रिलमध्ये क्षयाची नेहमीची चाचणी आली. माकडाला क्षय होतो तो माणसाकडून, आणि झाला की खोलीच्या खोली जाते. म्हणून दर सहा महिन्यांनी प्रत्येकाच्या वरच्या पापणीत बारीक सुईनं थेंबभर औषध टोचतात आणि तीन दिवस पापणी बघतात. पापणी सुजून खाली उतरली की संपलं. त्या जनावराला औषधोपचार नसतो, त्याला झोपवावं लागतं.

पहिल्या दिवशी सगळ्या पापण्या स्वच्छ होत्या. दुसऱ्या दिवशी नऊ नंबरची पापणी लालसर दिसली. सर म्हणाले, "खाजवली असंल." पण त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते पाठ करून बसले, आरसा धरला आणि बराच वेळ एकही नंबर बोलले नाहीत. मी पेन धरून उभी होते. शेवटी म्हणाले, "नऊ. चौदा. बावीस. एकतीस." मी वळून बघितलं तर चौघांचा एकेक डोळा अर्धा मिटलेला होता.

त्या चौघांचं सगळं सरांनी स्वतः केलं. मला फक्त वेळ लिहायला उभं केलं. नऊ नंबरच्या वेळी त्यांनी सुई भरली, खाली ठेवली, हातमोजे बदलले आणि पुन्हा उचलली. नंतर छाती उघडून बघितली तेव्हा फुप्फुसावर पांढरे दाणे होते, शंकेला जागाच नव्हती. सर मधेच खोकत होते. ब्लीचिंगच्या वासानं तिथं सगळेच खोकत असत, त्यामुळं कुणी त्याकडं लक्ष दिलं नाही.

मग प्रश्न उरला, आणलं कुणी. चौघांचे पिंजरे एकमेकांपासून लांब होते. एकच गोष्ट सारखी होती, चौघंही आजारी खोलीत राहून गेली होती. त्या खोलीत जाणारी माणसं तीनच. गंगाधर, मी आणि सर. वरच्यांनी यादी मागितली, ती मी केली, आणि पहिलं नाव लिहिलं गंगाधरचं. हिवाळ्यात तो तीन आठवडे खोकत होता, एवढाच माझा पुरावा. मी माझ्या छातीच्या एक्स-रेची फिल्म त्याच संध्याकाळी काढून आणली. सरांना विचारलं तर म्हणाले, "माझी झालीय." गंगाधरला बिनपगारी घरी बसवलं. त्या कागदावर सही सरांची.

जाताना गंगाधर मला म्हणाला, "मॅडम, मी मास्क कधी काढला न्हाई. तुम्ही तर बघून राहिलाव रोज."

"तपासणी होऊ दे, गंगाधर. कळेलच," मी म्हणाले. याहून कोरडं वाक्य मी आयुष्यात बोलले नसेन.

आणि त्याच रात्री मी आईला फोन केला. काळजीपोटी केला असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. खरं म्हणजे पोटात राहिलं नाही. तिसऱ्या दिवशी आईचाच फोन आला. "पूजाच्या बापाला टीबी हाय म्हणं ना? कंडक्टर दादा म्हणत होते, थांबू म्हणून." मी विचारलं, त्यांना कुणी सांगितलं. आई म्हणाली, "तूच तर म्हणलीस." पुढं हिमायतनगरला बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो. गंगाधरच्या बायकोला शेतात रोजानं बोलावणं बंद झालं. पूजा जिथं कामाला लागली होती त्या दवाखान्यानं तिला काही दिवस येऊ नको म्हणून सांगितलं. मुलीला काही झालेलं नव्हतं, बापालाही नव्हतं, आणि घर गावात एकटं पडलं होतं.

नवव्या दिवशी गंगाधरनं फिल्म आणून दिली, थुंकीच्या तपासणीचे कागदही. सगळं स्वच्छ. तीन माणसं होती, दोन स्वच्छ निघाली. आणि मास्क खाली ओढून सरांनी अर्धा घास दिला होता तो याच चौघांना. मग मी आरोग्याचं रजिस्टर काढलं. आम्हा सगळ्यांच्या नावापुढं दर सहा महिन्यांनी फिल्मचा नंबर होता आणि खाली सरांची सही. सरांच्या स्वतःच्या नावापुढं तीन वेळा नुसतं "ठीक" होतं. अक्षर त्यांचं, सही त्यांची. सगळ्यांना तपासणारा माणूस तो, त्याला कोण तपासणार?

सर मोठ्या खोलीत स्टुलावर बसले होते. त्या खोलीत दोन दिवस ब्लीचिंग टाकलेलं नव्हतं. आत जाताना मला खोकला ऐकू आला आणि पहिल्यांदा मी तो डॉक्टरसारखा ऐकला. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. हे मला किती महिने दिसत होतं आणि मी बघितलं नव्हतं.

"सर, तुमची फिल्म कुठंय?"

त्यांनी आरसा खाली ठेवला.

"गंगाधर स्वच्छ आहे. मी स्वच्छ आहे."

"उद्या लातूरला जाऊ," ते म्हणाले. "हितं सगळे वळखतात."

मला राग आला. दुसऱ्याला घरी बसवताना ओळखीची अडचण आली नाही, आणि स्वतःच्या वेळी लातूर. पण मी गाडी काढली. सर मागच्या सीटवर, तोंडाला जाड मास्क, चारी काचा खाली. उन्हाच्या झळा आत येत होत्या. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. मी बोलले असते तर वाईटच बोलले असते.

लातूरला तासाभरात फिल्म हातात आली. उजव्या बाजूला वर पांढरा डाग, मुठीएवढा. तिथल्या डॉक्टरांनी थुंकीचीही तपासणी करून घेतली, गोळ्या सुरू करायला सांगितल्या आणि म्हणाले, सहा महिन्यांत बरे व्हाल. सर हसले. बरं होणं हा त्यांचा प्रश्नच नव्हता.

परतीच्या वाटेवर ते आपणहून बोलायला लागले. "घाम यायचा, बाई. दोन महिने झाले. म्हणलं नांदेडचा उन्हाळा हाय. वजन उतरलं तर म्हणलं, बरं झालं, शुगरला चांगलं. गंगाधरच्या कागदावर सही करताना हात थांबला होता माझा. तरी केली." मग म्हणाले, "त्या चौघांना वाचवलं म्हणून किती मिरवलो."

मला वाटलं होतं मी त्यांना खडसावीन. त्याऐवजी मी आईला केलेल्या फोनची गोष्ट सांगितली. चाकूरचं स्थळ, पूजा, थांबलेला साखरपुडा, सगळं. सांगताना मला रडू आलं आणि त्याची मला लाजही वाटली. सोमवारी वरच्यांची बैठक होती. तिथं सर काय सांगतील हे मला माहीत नव्हतं. ते मुख्य डॉक्टर होते. फिल्म खिशात ठेवून, "स्रोत सापडला नाही" असं लिहायला त्यांना कोण अडवणार होतं? असं लिहिलं असतं तर गंगाधरचं नाव कायमचं तसंच लोंबकळत राहिलं असतं.

चाकूर आलं. फाट्यावर सर म्हणाले, "गाडी आत घ्या."

"सर, बैठक तर सोमवारी..."

"बैठकीला सांगायचंच हाय. ते कागदावरचं. हे आधी. त्यांचं घर दाखवा."

मी गाडी आमच्या गल्लीत घेतली. दुपारचे तीन वाजले असतील. कंडक्टर दादा अंगणात निंबाखाली खाटेवर पडले होते, ते उठून बसले. सर खाटेपासून लांब, उन्हात उभे राहिले. सावलीत या म्हणाले तर आले नाहीत. बसा म्हणाले तर बसले नाहीत. आवाज ऐकून शेजारच्या दोन बायका दारात आल्या, त्यात माझी आईही होती. सरांनी लिफाफ्यातून दोन फिल्म काढल्या. गंगाधरची फिल्म त्यांनी केव्हा बरोबर घेतली होती हे मला कळलंच नव्हतं.

"मी माकडांचा डॉक्टर. बिरादार," ते म्हणाले. "टीबी मला हाय. गंगाधर वाघमारेला न्हाई. माझ्यामुळं चार माकडं गेली, आणि त्याच्यावर आळ मी येऊ दिला. हे तुम्हाला सांगायला आलो."

कंडक्टर दादा म्हणाले, "साहेब, तुम्ही बोलला नसता तर कुणाला कळलं असतं?"

"पोरीचं लग्न मोडलं असतं. ते तर कळलंच असतं न्हवं?"

आईनं माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. दादांनी हात पुढं केला. सरांनी फिल्म त्यांच्या हातात न देता खाटेच्या कडेवर ठेवल्या आणि पुन्हा मागं सरले. दादांनी त्यातली एक उचलून सूर्यासमोर धरली. ती उलटी होती. सर तिथूनच म्हणाले, "सुलटी करा, दादा. वरचं खाली झालंय." दादांनी ती फिरवली. मग उन्हात उभ्या उभ्या, मास्कमधून खोकत, सर त्यांना समजावू लागले. डाग कुठं आहे, कुणाचा आहे, आणि दुसऱ्या फिल्ममध्ये तो का नाही.